उमेदवारीचा भार : संगणकाच्या धंद्यांतील पहिल्या नोकरीचा इतिहास

आपल्या भाषेंत ‘उमेदवार’ हा शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. फारसींतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ आशा धरून असलेला मनुष्य, एवढाच. परंतु इंग्रजी अमदानींतील कचेऱ्यांत त्यास एक विशेष अर्थ प्राप्त झाला. एखाद्या जुन्या कारकुनाच्या हाताखालीं बसावें, त्याचीं पत्रें उतरून काढावीं, हिशेबाचे कागद जुळवून द्यावे, दफ्तर बांधावें व सोडावें, आणि पगाराची जागा रिकामी होईपर्यंत घरचें खाऊन हा क्रम चालूं ठेवावा, यास उमेदवारी म्हणत. निवडणुकांच्या गडबडींत हा अर्थ आज मागें पडला असला, तरी अमक्यानें तमक्याच्या हाताखालीं उमेदवारी केली, असें आपण अजून म्हणतों. आणि त्या म्हणण्यांत तो मनुष्य आपलें काम खरोखर शिकलेला आहे, अशी ग्वाही अभिप्रेत असते.

या जुन्या प्रथेंत दोन गोष्टी गृहीत धरलेल्या होत्या. पहिली ही कीं, पदवीनें मनुष्य कामास पात्र ठरतो, पण तेवढ्यानें काम त्यास येत नाहीं. तें जाणत्याच्या शेजारीं बसूनच येतें. दुसरी ही कीं, हें शिकणें फुकट होत नाहीं. शिकणाऱ्याचे महिने जातात, शिकविणाऱ्याचा वेळ जातो, आणि शिकतांना झालेल्या चुका कोणास तरी निस्तराव्या लागतात. या खर्चाचा भार शिकणाऱ्याच्या घरानें उचलावयाचा, काम देणाऱ्या मालकानें उचलावयाचा, कीं सरकारनें, हा प्रश्न प्रत्येक धंद्यास प्रत्येक पिढींत नव्यानें सोडवावा लागतो. आज आपल्या सुशिक्षित घरांतील मुलामुलींचा ओढा ज्या धंद्याकडे आहे, त्या संगणकाच्या आज्ञावली रचण्याच्या, म्हणजेच सॉफ्टवेअरच्या, धंद्यांतील पहिल्या नोकरीचा इतिहास या दृष्टीनें पाहिला असतां त्यांत एक सूत्र स्पष्ट दिसूं लागतें. सुमारें साठ वर्षांच्या अवधींत हा भार मालकाकडून घराकडे, घराकडून पुन्हां मालकाकडे, आणि आतां पुन्हां घराकडे सरकला आहे. आणि या खेपेस तो घराला पेलण्यासारखा राहिलेला नाहीं, ही खरी काळजीची गोष्ट आहे.

पदवी व नोकरी यांची सांगड आपल्याकडे विश्वविद्यालयाइतकीच जुनी आहे. मुंबई विश्वविद्यालय १८५७ सालीं स्थापन झालें, आणि १८६२ सालीं त्याचे पहिले चार बी. ए. बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे ते चौघे होत. पदवीधर इतके विरळा असतांना पदवी आणि प्रतिष्ठेची जागा यांत अंतर तें काय असणार? परंतु आपल्या विषयास अधिक जवळची कथा त्याहून थोडी आधींची आहे. १८५४ सालीं पुण्यास इंजिनियरिंगचा एक वर्ग निघाला. सरकारी बांधकाम खात्यास रस्ते, पूल व इमारती यांवर देखरेख करणारीं दुय्यम दर्जाचीं माणसें हवीं होतीं, व तीं बाजारांत तयार मिळत नव्हतीं. तेव्हां ज्यास माणसांची गरज त्यानेंच शाळा काढली. त्या वर्गाचेंच पुढें पुण्याचें इंजिनियरिंग कॉलेज झालें. ज्याला कारागीर हवा त्यानें तो घडवावा, हा नियम या एका उदाहरणांत चांगला दिसतो, आणि संगणकाच्या धंद्याचा आरंभही याच नियमानें झाला.

तो आरंभ अमेरिकेंतला. १९५० नंतरच्या दशकांत तेथें संगणक व्यापारी कामास लागले, तेव्हां त्यांस आज्ञा लिहून देणारीं माणसें कोठेंच नव्हतीं. पर्ड्यू विश्वविद्यालयांत संगणकशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला तो १९६२ सालीं. तत्पूर्वीं या विषयाची पदवी मागावी तर ती देणारा कोणी नव्हता. हवाई संरक्षणाच्या ‘सेज’ नांवाच्या प्रचंड योजनेसाठीं शेंकडों प्रोग्रॅमर हवे होते. ते सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या संस्थेनें स्वतः निवडून, स्वतः शिकवून तयार केले. निवड कशी करावयाची, हाही पेंचच होता. आय. बी. एम. कंपनीनें त्यासाठीं एक परीक्षा बसविली. तींत अंकांची मालिका पुरी करावी, आकृतींतला क्रम ओळखावा, व्यवहारी गणितें थोडक्या वेळांत सोडवावीं, असें तिचें स्वरूप होतें. उमेदवारास काय येतें हें ती विचारीत नसे. त्यास शिकविलें तर येईल कीं नाहीं, एवढेंच ती पाही. आज आपलीं मुलें नोकरीच्या आरंभीं जी ‘अॅप्टिट्यूड टेस्ट’ देतात, ती या परीक्षेच्याच वंशांतली आहे. तिचें मूळ ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. शिकविण्याचा भार उचलण्यास जो तयार होता, त्या मालकाची ती परीक्षा होती.

आपल्या देशांत संगणक आला तेव्हां तर तो एखाद्या दुर्मिळ देवस्थानासारखा होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आर. नरसिंहन् यांच्या नेतृत्वाखालीं येथल्याच माणसांनीं बांधलेला संगणक १९६० सालीं चालूं झाला, व १९६२ सालीं त्यास ‘टिफ्रॅक’ हें नांव मिळालें. १९६४ सालीं त्याच संस्थेंत सी. डी. सी. ३६०० हा मोठा अमेरिकन संगणक आला. त्या काळीं आज्ञावली लिहिणें म्हणजे काय, याची कल्पना आजच्या मुलांस येणें कठीण. प्रथम आंखलेल्या कागदावर एकेक आज्ञा हातानें लिहावयाची. मग ती यंत्रावर बसणाऱ्या मदतनिसाकडून जाड पत्त्यांवर भोंकांच्या रूपानें उमटवून घ्यावयाची, एका पत्त्यावर ८० अक्षरें. मग त्या पत्त्यांची चळत यंत्राच्या खोलींत नेऊन द्यावयाची, आणि आपली पाळी येऊन छापील उत्तर हातीं पडेपर्यंत, कधीं कधीं दुसरा दिवस उजाडेपर्यंत, स्वस्थ बसावयाचें. एक स्वल्पविराम चुकला तर पुन्हां पहिल्यापासून! यंत्राचा एकेक तास मोलाचा. असें यंत्र कोणाच्याही घरीं असणें अशक्य, व बहुतेक कॉलेजांतही अशक्य. अर्थात् ज्याच्या दारीं यंत्र, त्याच्याच दारीं विद्या. आणि यंत्र मालकाच्या दारीं होतें.

१९६८ सालीं टाटा उद्योगसमूहानें मुंबईस टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस ही शाखा काढली, तेव्हां ही स्थिति होती. पुढल्याच वर्षीं तिच्या कारभारावर आलेले फकीरचंद कोहली हे मूळचे वीज-इंजिनियर. जन्म पेशावरचा, उच्च शिक्षण कॅनडा व अमेरिका येथें, आणि अनुभव टाटांच्या वीज कंपन्यांतला. आरंभींचीं कामें साधीं होतीं. टाटांच्या पोलाद कारखान्याचीं पत्त्यांवरचीं कामें, सेंट्रल बँकेच्या शाखाशाखांमधील हिशेब जुळविणें, अशीं तीं कामें. हीं करण्यास जे तरुण घेतले, ते इंजिनियरिंगचे किंवा गणिताचे हुशार पदवीधर होते. संगणक मात्र त्यांतील बहुतेकांनीं नोकरींतच प्रथम पाहिला. त्यांस शिकविण्याचा, चुकूं देण्याचा व त्या चुका सोसण्याचा खर्च मालकानें केला, आणि तो बुडूं नये म्हणून या धंद्यांत ठराविक वर्षें नोकरी न सोडण्याचा करार लिहून घेण्याची चाल पडली. परकीय चलनाची टंचाई तर इतकी कीं, परदेशांतून संगणक आणावयाचा तर त्याच्या किंमतीच्या दुप्पट परकीय चलन निर्यातींतून मिळवून देण्याची हमी सरकार मागे. या अडचणींतूनच निर्यातीचा धंदा जन्मास आला. १९७४ सालीं अमेरिकेंतील बरोज कंपनीसाठीं रुग्णालयाच्या हिशेबाची आज्ञावली तयार करण्याचें काम आलें, तें मुंबईस निराळ्याच जातीच्या संगणकावर बसून पुरें करण्यांत आलें. एका यंत्रावर बसून दुसऱ्या यंत्राची भाषा बोलावयाची, असा हा खटाटोप. पण त्यांतून जी माणसें तयार झालीं, तीं कोणत्याही वर्गांत तयार झालीं नसतीं.

हें मूठभर तरुणांचें झालें. बाकीच्या सुशिक्षित समाजाची या यंत्राकडे पाहण्याची दृष्टि त्या वेळीं अगदीं वेगळी होती, हें आज आपण विसरून गेलों आहों. पांढरपेशा घरांतील मुलाची नोकरी म्हणजे बँक, विमा किंवा सरकारी कचेरी; आणि संगणक हा तीच नोकरी गिळावयास आलेला राक्षस, अशी समजूत होती. आयुर्विमा महामंडळानें १९६० नंतरच्या दशकांत संगणक आणण्याचें ठरविलें, तेव्हां कर्मचाऱ्यांच्या संघटनांनीं देशभर विरोध केला. कलकत्त्यास तर इलाको हाऊस या इमारतींत यंत्र येऊं नये म्हणून कर्मचाऱ्यांनीं रात्रंदिवस पहारा ठेवला. वाद इतका वाढला कीं केंद्र सरकारनें या प्रश्नाच्या विचारासाठीं समिति नेमली. तिचे अध्यक्ष पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेंतील प्रा. वि. म. दांडेकर होते, व तिचा अहवाल १९७२ सालीं आला. बँकांतील संघटनांशीं यांत्रिकीकरणाविषयीं करार होण्यास तर १९८३ साल उजाडावें लागलें. ज्या घरांतील वडिलांनीं संगणकाविरुद्ध घोषणा दिल्या, त्याच घरांतील मुलगा पुढें दहा-पंधरा वर्षांत संगणकाच्या वर्गास जाऊं लागला. यांत हंसण्यासारखें कांहीं नाहीं. वडिलांची भीति खोटी नव्हती. कारकुनांच्या जागा खरोखरच कमी झाल्या. मात्र त्यांच्या जागीं नव्या जातीच्या जागा निघतील, व त्या आधींच्यांहून पुष्कळ अधिक असतील, हें त्या वेळीं कोणास दिसण्यासारखें नव्हतें.

या नव्या दारांतून आंत कोणाला येऊं द्यावयाचें, हाही प्रश्न लवकरच उभा राहिला. त्याचें एक उदाहरण प्रसिद्ध आहे. १९७४ सालीं बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंत संगणकशास्त्राच्या उच्च पदवीचा अभ्यास करणाऱ्या सुधा कुलकर्णी, म्हणजे पुढच्या सुधा मूर्ति, यांनीं टेल्को कंपनीची नोकरीची जाहिरात वाचली. तींत स्त्रियांनीं अर्ज करूं नये, असें स्पष्ट छापलेलें होतें. त्यांनीं अर्ज करण्याऐवजीं जे. आर. डी. टाटा यांसच एक पोस्टकार्ड लिहून या अन्यायाचा जाब विचारला. त्यांस पुण्यास मुलाखतीला बोलावणें आलें, त्यांची निवड झाली, आणि त्या कंपनींतील त्या पहिल्या स्त्री-इंजिनियर ठरल्या. ही नोकरी मोटारींच्या कारखान्यांतली होती, हें खरें. पण जुने कारखाने ज्या रूढीनें बांधलेले होते, ती रूढि संगणकाच्या धंद्यांत रुजण्यापूर्वींच तिला धक्का बसला, हें या घटनेचें महत्त्व आहे. आज या धंद्यांत दर तीन नोकरदारांमागें सुमारें एक स्त्री आहे. जुन्या इंजिनियरिंगच्या कोणत्याही शाखेस हें साधलेलें नाहीं.

पहिली नोकरी चांगल्या हाताखालीं झाली तर तिचें फळ किती दूरवर पोंचतें, याचेंही उदाहरण याच काळांत सांपडतें. नरेंद्र पटनी यांच्या पटनी कंपनींत सॉफ्टवेअरचें काम नारायण मूर्ति पाहत होते. १९७८ सालीं मुंबईच्या आय. आय. टी. मधून नुकताच बाहेर पडलेला एक तरुण त्यांच्याकडे नोकरी मागावयास आला. तो तरुण म्हणजे नंदन नीलेकणी. तीनच वर्षांनीं, १९८१ च्या जुलैंत, मूर्ति, नीलेकणी व त्यांचे पांच सहकारी यांनीं मिळून इन्फोसिस ही कंपनी पुण्यास नोंदविली. भांडवल दहा हजार रुपये, व तें सुधा मूर्ति यांच्या शिलकींतलें. १९८३ सालीं ती कंपनी बंगलोरास गेली, ही पुणेंकरांच्या चुटपुटीची गोष्ट निराळी. आपला मुद्दा एवढाच कीं, नोकरी देणारा व नोकरी घेणारा हे तीन वर्षांत भागीदार झाले. उमेदवारी केवळ कामगार घडवीत नाहीं. ती पुढचे मालकही घडविते.

१९८० नंतरच्या दशकांत चित्र पालटलें. यंत्रें लहान व स्वस्त झालीं. १९८४ च्या नोव्हेंबरांत राजीव गांधी सरकारनें संगणकाच्या आयातीचें धोरण सैल केलें. आणि ज्या विद्येसाठीं मालकाच्या दारीं जावें लागे, ती विद्या बाजारांत विकत मिळूं लागली. एन. आय. आय. टी. ही शिकवणीची संस्था १९८१ सालीं निघाली, अॅप्टेक १९८६ सालीं. आणि पाहतां पाहतां तालुक्याच्या गांवींही संगणकाच्या वर्गाची पाटी लागली. महाराष्ट्रांत १९८३ सालीं वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असतांना विनाअनुदान इंजिनियरिंग कॉलेजांस परवानगी मिळाली. तोंवर इंजिनियर होणें हें थोड्यांचें भाग्य होतें, व इतर पुष्कळ मुलें शेजारच्या कर्नाटकांत देणगी भरून शिकावयास जात. आतां साखर कारखान्यांच्या व शिक्षणसंस्थांच्या आश्रयानें लहान लहान गांवीं कॉलेजें उभीं राहिलीं. १९८८ सालीं पुण्यास सी-डॅक ही संस्था स्थापन झाली. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखालीं तेथें १९९१ सालीं ‘परम’ महासंगणक तयार झाला, आणि तिनें चालविलेला संगणकाचा पदविका-वर्ग मराठी पदवीधरांस नोकरीचा एक भरंवशाचा दरवाजा झाला. या सर्वांचा परिणाम चांगला झाला, हें नाकारतां येणार नाहीं. ज्यांस पूर्वीं दारांतही उभें केलें नसतें, अशा हजारों घरांतील मुलें आंत आलीं. पण भार कोणाकडे सरकला हेंही पाहिलें पाहिजे. फी वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधींतून गेली, आईच्या दागिन्यांतून गेली, क्वचित् शेताच्या तुकड्यांतून गेली. मालकास आतां अर्धवट शिकलेला उमेदवार आयता मिळूं लागला.

१९९१ मध्यें आर्थिक धोरण बदललें. त्याच सुमारास सरकारनें सॉफ्टवेअरच्या निर्यातीसाठीं टेक्नॉलॉजी पार्क काढले व उपग्रहाची जोडणी उपलब्ध करून दिली, तेव्हां माणूस परदेशीं न पाठवितां काम परदेशीं पाठविणें शक्य झालें. पाठोपाठ २००० सालाची अडचण आली. जुन्या आज्ञावलींत वर्षाचे शेवटचे दोनच आंकडे नोंदलेले असत. तेव्हां ‘००’ म्हणजे १९०० कीं २०००, हें यंत्रास कळणार कसें? लाखों ओळी तपासून दुरुस्त करावयाच्या, व त्या कोबोल नांवाच्या जुन्या भाषेंतल्या, जी अमेरिकेंतील तरुणांनीं टाकून दिली होती. आपल्याकडे कोबोलचे वर्ग भरभरून वाहूं लागले. वाणिज्याचे, रसायनशास्त्राचे, बांधकामाचे पदवीधर चार-सहा महिन्यांत प्रोग्रॅमर होऊन विमानांत बसले. अमेरिकेनें एच-१बी परवान्यांची वार्षिक मर्यादा ६५ हजारांवरून १९९९ सालीं १ लाख १५ हजारांवर, आणि २००१ सालीं १ लाख ९५ हजारांवर नेली. मग त्याच वर्षीं इंटरनेट-कंपन्यांचा फुगा फुटल्याची झळ येथवर पोंचली, व नेमणुकीचीं पत्रें हातीं असलेलीं मुलें महिनेमहिने वाट पाहत बसलीं. पहिली नोकरी दूरच्या बाजारपेठेच्या वाऱ्यावर हेलकावते, हा धडा आपल्या घरांनीं प्रथम तेव्हां घेतला.

तथापि त्यानंतर आला तो या धंद्याचा सर्वांत भरभराटीचा काळ, आणि त्याची घडण समजून घेतल्याशिवाय आजची स्थिति समजणार नाहीं. परदेशी गिऱ्हाईक कामाचे पैसे बहुधा माणसांच्या तासांवर मोजी. कंपन्यांनीं आपली रचना मनोऱ्यासारखी केली. वर थोडे जाणते, मध्यें कांहीं अनुभवी, आणि तळाशीं नवशिक्यांचा मोठा थर. नवशिक्याचा पगार कमी, पण त्याच्या तासाचा दर गिऱ्हाइकाकडून बरा मिळे. कंपनीचा नफा बराचसा या फरकांत होता. म्हणून हजारोंच्या संख्येनें नवशिके घेणें, त्यांस शिकविणें व काम येईपर्यंत पगार देऊन बसवून ठेवणें, हें परोपकाराचें नव्हे तर फायद्याचें झालें. उमेदवारीचा भार मालकानें पुन्हां उचलला तो या हिशेबानें. म्हैसूर येथील इन्फोसिसचें शिक्षणकेंद्र एखाद्या विश्वविद्यालयाएवढें झालें. कंपन्या कॉलेजांतच येऊन एकेका दिवसांत शेंकडों नेमणुका देऊं लागल्या. कॉलेजची कीर्ति तेथील प्राध्यापकांवरून नव्हे, तर ‘प्लेसमेंट’च्या आंकड्यावरून ठरूं लागली.

या निवडीच्या रीतींतही दोष होते. दहावी, बारावी व पदवी या तिन्हींत ६० टक्के गुण, ही अट पुष्कळ ठिकाणीं असे. म्हणजे सोळाव्या वर्षीं आजारी पडलेल्या मुलास बाविसाव्या वर्षीं त्याचा दंड भरावा लागे. पुढें गटचर्चा व मुलाखत, दोन्ही इंग्रजींत. पंचवीस-तीस वर्षें वर्गांत शिकवितांना आमच्या हें वारंवार दृष्टीस पडलें आहे कीं, मराठी माध्यमांतून आलेला मुलगा फळ्यावर उदाहरण बिनचूक सोडवितो, आणि स्वतःविषयीं चार वाक्यें बोला म्हटलें कीं घाम पुसूं लागतो. असे पुष्कळ गुणी विद्यार्थी या चाळणींतून गळले. परंतु जे आंत गेले त्यांस शिकण्यास अवसर मिळाला, हेंही तितकेंच खरें. २०२३-२४ सालाच्या सुमारास या धंद्यांत सुमारें ५४ लाख माणसें होतीं. यांतील बहुतेकांची सुरुवात कोणाच्या तरी हाताखालीं, पगारी उमेदवारीनेंच झालेली आहे.

या भरभराटींतच उतरणीचीं चिन्हें होतीं. मोठ्या कंपन्यांत नवशिक्याचा वार्षिक पगार सुमारें तीन-साडेतीन लाखांवर एकदां स्थिरावला तो दहा-बारा वर्षें जवळजवळ तेथेंच राहिला. दरम्यान कॉलेजची फी, पुण्यांतील खोलीचें भाडें आणि भाजीचा भाव कांहीं स्थिरावले नाहींत. महामारीच्या काळांत जगाचे व्यवहार संगणकावर आले, व २०२१-२२ सालीं एकट्या टाटा कन्सल्टन्सीनें सुमारें एक लाख नवशिके घेतले. लगेच ओहोटी लागली. २०२३-२४ सालीं या धंद्यांतील अग्रगण्य कंपन्यांची मनुष्यसंख्या वाढण्याऐवजीं घटली. नेमणुकीचें पत्र मिळूनही रुजू होण्यासाठीं वर्ष-वर्ष, कोठें त्याहूनही अधिक, थांबावें लागल्याच्या तक्रारी सर्वत्र ऐकूं आल्या. २०२५ च्या जुलैंत टाटा कन्सल्टन्सीनें आपल्या मनुष्यबळापैकीं सुमारें दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसें कमी करण्याचें जाहीर केलें. आणि २०२२ च्या अखेरीस जगापुढें आलेलीं, मनुष्याच्या भाषेंत विचारल्यास आज्ञावली लिहून देणारीं यंत्रें या काळांत झपाट्यानें सुधारत गेलीं. तीं यंत्रें नेमकें कोणतें काम चांगलें करतात? लहान, ठराविक, पूर्वीं पुष्कळदां केलेलें. म्हणजे जें काम नवशिक्यास शिकण्यासाठीं म्हणून देत, तेंच!

येथें एक आक्षेप येईल, व तो क्षुल्लक नाहीं. कोणी म्हणेल, आतां मुलास मालकाच्या दारीं जाण्याचें कारणच काय? १९६८ सालीं जें यंत्र मुंबईंत मोजक्या ठिकाणीं होतें, त्याच्या हजारोंपट शक्तीचें यंत्र त्याच्या मांडीवर आहे. उत्तमोत्तम व्याख्यानें फुकट ऐकावयास मिळतात. त्यानें घरीं बसून शिकावें, स्वतःचें कांहीं करून दाखवावें, व तयार होऊनच यावें. यांत तथ्य आहे, आणि कांहीं मुलें तसें करूनही दाखवितात. परंतु या युक्तिवादांत यंत्र व विद्या यांची गल्लत आहे. पूर्वीं यंत्र दुर्मिळ होतें म्हणून आपणांस वाटलें कीं मालकाच्या घरीं यंत्रच काय तें शिकावयाचें होतें. तसें नव्हतें. दहा वर्षांपूर्वीं दुसऱ्यानें लिहून ठेवलेली, कोणासही पुरतेपणीं न समजणारी आज्ञावली वाचून तींत हात न भाजतां दुरुस्ती करावी. गिऱ्हाईक मागतें तें आणि त्यास हवें असतें तें यांतला फरक ओळखावा. बँकेचा व्यवहार रात्रीं दोन वाजतां अडला असतां घाबरून न जातां कारण शोधावें. आणि आपल्या चुकीमुळें खोळंबलेल्या माणसांचीं तोंडें पाहून पुढच्या वेळीं दहा वेळां तपासावें, हें खरें शिक्षण. तें व्याख्यानांत नाहीं व मांडीवरच्या यंत्रांतही नाहीं. यंत्रानें लिहिलेली आज्ञावली बरोबर आहे कीं नाहीं हें सांगावयाला जो जाणता लागतो, तोही कधीं काळीं नवशिकाच होता.

म्हणून आज कंपन्यांनीं ‘अनुभवी माणूस पाहिजे’ असें म्हणावें, व अनुभव देण्याची जबाबदारी मात्र दुसऱ्यावर टाकावी, हें बियाणें विकून खाणाऱ्या शेतकऱ्यासारखें आहे. या वर्षीं पोट भरेल; पेरणीच्या वेळीं काय? प्रत्येक कंपनीस वाटतें कीं नवशिक्यांस दुसऱ्यानें शिकवावें व शिकलेले आपण घ्यावे. पण सर्वांनींच तसें ठरविलें म्हणजे शिकलेले येणार कोठून? १८५४ सालीं सरकारी बांधकाम खात्यास जें समजलें होतें, तें आजच्या श्रीमंत कंपन्यांस न समजण्यासारखें नाहीं. कोहलींसारख्या मनुष्यास तें समजलें होतें. निवृत्तीनंतरच्या काळांत पुण्याच्या त्याच इंजिनियरिंग कॉलेजच्या नियामक मंडळाचें अध्यक्षपद त्यांनीं सांभाळलें, ही गोष्ट केवळ योगायोगाची वाटत नाहीं.

सरकारलाही हा विषय नवा नाहीं. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ सालीं झाला, व १९७३ च्या दुरुस्तीनें इंजिनियरिंगचे पदवीधर त्यांत आले. कायद्याच्या मराठी नांवांतच आपला जुना शब्द टिकून आहे, आणि उमेदवारास विद्यावेतन दिलें पाहिजे, हें तत्त्वही त्यांत आहे. २०२४ सालीं केंद्र सरकारनें मोठ्या पांचशें कंपन्यांत तरुणांस वर्षभर अनुभव मिळावा म्हणून महिना पांच हजार रुपयांची योजना सुरू केली. त्यांतील बहुतेक रक्कम सरकार देतें. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत पांच हजारांत महिना निघत नाहीं, हें सांगावयास नको. म्हणजे घरचें खाऊन उमेदवारी करण्याची रीत नव्या नांवानें परत आली, एवढाच तिचा अर्थ होऊं शकतो. ज्याच्या घरीं खावयास आहे त्यालाच मग अनुभव मिळणार. १९८३ नंतर लहान गांवांतल्या मुलांसाठीं जो दरवाजा मोठ्या कष्टानें उघडला, तो अशा रीतीनें कोणी न लोटतांच बंद होण्याचा संभव आहे. भार वांटून घ्यावयाचा, तर तिघांनीं प्रामाणिकपणें वांटून घेतला पाहिजे. सरकारनें विद्यावेतन पोटापुरतें करावें, कंपन्यांनीं जाणत्या माणसाचा वेळ शिकविण्यासाठीं राखून ठेवावा, आणि घरांनीं पहिलीं एक-दोन वर्षें धीर धरावा.

या शेवटच्या गोष्टीविषयीं वाचकांस दोन शब्द सांगितल्यावांचून राहवत नाहीं, कारण तेवढीच आपल्या हातची आहे. मुलास किंवा मुलीस पहिली नोकरी लागली म्हणजे नातेवाईक प्रथम ‘पॅकेज’ किती तें विचारतात, व मागून कंपनीचें नांव विचारतात. या धंद्याचा साठ वर्षांचा इतिहास असें सांगतो कीं, हे दोन्ही प्रश्न दुय्यम आहेत. कंपन्या चढतात व पडतात, भाषा जुन्या होतात, पगाराचे आंकडे वाऱ्याबरोबर बदलतात. ज्यांची पहिली दोन वर्षें जाणत्या मनुष्याजवळ गेलीं ते प्रत्येक लाटेंतून तरून निघाले. ज्यांचीं तीं वर्षें नुसती हजेरी लावण्यांत गेलीं, त्यांस चांगला पगारही फार काळ तारूं शकला नाहीं. तेव्हां पहिला प्रश्न असा विचारावा कीं, हा कोणाच्या हाताखालीं बसणार आहे, आणि त्या मनुष्याला शिकविण्याची हौस आहे कीं नाहीं? याचें उत्तर समाधानकारक मिळालें, तर वडिलांनीं चार पैसे कमी आहेत म्हणून कुरकुर करूं नये.